कोलेत्ता दि कास्तेलबियांको : खानापूरच्या कॉन्ट्रॅक्टरचा अभिप्राय

गुडघे धड असतील, गर्दीचा कंटाळा असेल आणि जुन्या भिंतीकडे अर्धा तास बघत उभं राहिलात तरी घरचे वैतागत नसतील, तर इटलीतल्या लिगुरियाच्या डोंगरातल्या कोलेत्ता या जुन्या दगडी गावात जा. पोरंबाळं घेऊन खरेदी, खाणंपिणं, फोटो असा बेत असेल तर खाली समुद्रकाठी अल्बेंगात उतरा आणि वर एका दुपारी फेरी मारून या.

मी कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात जुनी घरं दुरुस्त करतो. कौलं परतणं, वाळवीने पोखरलेल्या तुळया बदलणं, पोट आलेली चिऱ्याची भिंत उतरवून पुन्हा चढवणं. स्लॅबची नवी कामंही घेतो; खरं तर घर त्यांच्यावरच चालतं. पावसाळ्यात कामं थांबलेली असतात. भाची तोरिनोच्या पॉलितेक्निकोत आर्किटेक्चर शिकते आणि तिचा केव्हापासून धोशा होता, "मामा, एकदा या की. तुमच्या कामाचं एक अख्खं गाव दाखवते." व्हिसाचे कागद उन्हाळ्यातच करून ठेवले होते, गणपती पोचवले आणि निघालो. आमची सौ. सोबत. तिचं म्हणणं, "पडकी घरं बघायला विमानात कशाला बसायचं? कणकुंबीच्या बसमध्ये बसलं तरी दिसतात की."

तोरिनोहून सावोनामार्गे अल्बेंगापर्यंत रेल्वे, पुढे भाड्याची गाडी. पेन्नावाइरेचं खोरं अरुंद आहे. एका अंगाला चुनखडीचे कडे आणि त्यांना दोरावर लटकलेली पोरं, कारण हे खोरं कडे चढणाऱ्यांत फार प्रसिद्ध. दुसऱ्या अंगाला ऑलिव्हची झाडं आणि डोंगरावर पायऱ्या पाडत गेलेले बांध. सगळे बांध कोरड्या दगडाचे. माती नाही, चुना नाही, दगडावर दगड. म्हणजे आपला गडगाच. 2018 साली युनेस्कोने इटलीसह आठ देशांच्या नावाने ही कोरड्या बांधकामाची कला आपल्या यादीत घेतली. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात तोच गडगा घालणारी म्हातारी माणसं अजून आहेत. त्यांची यादी कुणी केलेली नाही आणि त्यांची पोरं गोव्यात कामाला आहेत.

गाव मध्ययुगातलं. 23 फेब्रुवारी 1887 रोजी पश्चिम लिगुरियात मोठा भूकंप झाला, त्यानंतर माणसं निघून जात राहिली आणि गाव ओस पडलं. पुढची शंभरेक वर्षं भिंती तशाच उभ्या. मग 1990 च्या दशकात दुरुस्ती झाली ती जान्कार्लो दे कार्लो या वास्तुविशारदाच्या हाताखाली. हा माणूस साधासुधा नव्हे. उर्बिनो शहराचा आराखडा याचा, आणि 1993 साली ब्रिटनच्या वास्तुविशारदांच्या संस्थेचं सुवर्णपदकही याला मिळालं.

1993 म्हटलं की माझ्या धंद्यातल्या माणसाला दुसरंच आठवतं. 30 सप्टेंबर, किल्लारी. जाड दगडी भिंती, मधे मातीचा माल, वर मातीचं धाबं. पहाटे सगळं झोपलेल्या माणसांच्या अंगावर आलं. त्यानंतर दगडी घराचा जो धसका बसला तो आमच्याकडेही पोचला. चिऱ्याचं उत्तम घर पाडून चार खांबांवर स्लॅब टाका म्हणणारी गिऱ्हाइकं तेव्हापासूनची. तिकडे गावंच्या गावं दुसऱ्या जागी आखून वसवली गेली आणि ते बरोबरच होतं, त्या भिंतींत जीव नव्हता. पण सगळ्या दगडी भिंतींवर एकच शिक्का बसला. त्याच दशकात इथे भूकंपानंतर ओस पडलेलं दगडी गाव त्याच जागी, त्याच दगडांत पुन्हा उभं राहत होतं. मी जे बघायला गेलो होतो ते हेच.

आणि काम बघून टोपी काढली. दे कार्लोने कोलेत्ताच्या बांधणीला कवचाच्या प्राण्याची उपमा दिली होती. आपण हल्ली बांधतो ती घरं सांगाड्याची: कॉलम, बीम, मधे विटा. भिंत काढली तरी घर उभं राहतं. इथे सांगाडाच नाही, पावसाळ्यातल्या कुर्लीसारखं सगळं बळ कवचात. खोलीवर दगडी घुमट, घुमटाच्या पाठीवर दुसऱ्याची खोली, बाजूची भिंत दोघांची मिळून एक. चुकीचा दगड काढला तर तडा तिसऱ्याच घराला जाणार. त्यामुळे त्याने मोडतोड करून मोठे हॉल काढायच्या फंदात न पडता आहेत त्याच खोल्या एकमेकींना जोडून घरं जुळवली. कुणाच्या वाट्याला शेजारच्या दोन, कुणाला एक खाली आणि एक वर. आमचं घर वरखाली पसरलेलं होतं, स्वयंपाकाच्या खोलीतून झोपायला जायला बाहेरच्या जिन्याने जावं लागे. सौ.ला हे अजिबात पटलं नाही. रात्री पाणी प्यायला उठायचं तर शाल गुंडाळून आकाशाखाली यायचं. मला मात्र आजोळच्या घरातली न्हाणी आठवली, तीही परड्याच्या टोकाला होती.

दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, मी नखाने खरवडून बघितल्या. माझ्या नखाला तरी तो चुनाच वाटला. आपल्याकडे जुन्या भिंतीच्या दरजा सिमेंटने भरतात, दोन पावसाळे ती देखणी दिसते आणि मग आतली ओल बाहेर पडायला वाट नसल्याने चिऱ्याचा चेहराच सुटून पडतो. कितीदा सांगितलं तरी गिऱ्हाईक म्हणतं, "चुना कोण मळत बसणार?" त्याचंही खरं आहे. चुन्यात हात घालणारा गवंडी आता खानापुरात शोधून मिळत नाही. इथल्या दरजा दगडाच्या पातळीपेक्षा जराशा आत ठेवलेल्या, त्यामुळे उन्हात प्रत्येक दगडाची कड वेगळी दिसते. नवं कुठे जोडलंय ते लपवलेलं नाही, पण ओरडतही नाही. जुन्या कमानीत नवं लाकडी दार बसवताना चौकट भिंतीच्या तोंडाशी न लावता आत सरकवली आहे, म्हणजे कमान जशी होती तशी डोळ्यांना पूर्ण मिळते. हे मी परत आल्यावर लगेच एका कामात करणार आहे.

आणखी एक गोष्ट. दुरुस्ती करतानाच अख्ख्या गावात दूरसंचाराच्या तारा घालून ठेवल्या होत्या. घरी बसून इंटरनेटवर काम करणारी माणसं इथे येऊन राहतील, ही कल्पना 1990 च्या दशकातली! तेव्हा आमच्याकडे एसटीडी बूथसमोर रांग असायची. अजूनही भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांवर फोनला रेंज धरायला माणूस टेकाडावर चढतो. आणि त्या तारा भिंतीवरून लोंबताना मला कुठे दिसल्या नाहीत. मी मुद्दाम शोधलं. आपल्याकडच्या जीर्णोद्धार केलेल्या देवळांच्या दगडी खांबावर क्लिपा मारून नेलेली पांढरी वायर ज्याने बघितली आहे, त्याला याचं मोल कळेल.

आता माणसं. इथली बहुतेक घरं परदेशी लोकांची: इंग्रज, जर्मन, वरच्या थंड देशांतले. वसंतात येतात, उन्हाळा काढतात, थंडी पडायला लागली की कुलूप. आम्ही गेलो ते मोसमाच्या शेवटाला, निम्म्या खिडक्यांच्या लाकडी झडपा लागलेल्या होत्या. सकाळी गल्लीतून चाललं की आपल्याच चपलांचा आवाज मागून येतो. कुठे भांडं पडलेलं ऐकू येत नाही, कुणी कुणाला हाक मारत नाही. कुत्रं भुंकलं तेव्हा सौ. म्हणाली, "हुश्श."

शेजारी एक इंग्रज जोडपं होतं, सत्तरीचं. म्हातारा रोज संध्याकाळी पायरीवर बसून कुंड्यांना पाणी घालायचा. भाचीला मध्ये घालून गप्पा झाल्या. तो म्हणाला, पूर्वी मनात येईल तितके दिवस राहायचो, आता मोजून राहतो. ब्रिटन युरोपीय संघातून 2020 साली बाहेर पडला, त्यामुळे इथला रहिवासाचा परवाना नसलेल्या इंग्रजाला आता 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. स्वतःचं घर असलं तरी! त्याने स्वयंपाकघरात कॅलेंडर लावलंय, त्यावर खुणा. मी माझ्या पासपोर्टवरचा व्हिसा दाखवला. दोघंही मोजूनच आलेलो. रेघ एकीकडची दुसरीकडे सरकली की घर तिथंच राहतं आणि माणूस कागद घेऊन पळतो, हे आमच्याकडे 1956 च्या राज्यपुनर्रचनेपासून शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ते त्याला कसं सांगायचं ते मात्र भाचीला जमलं नाही, आणि मीही जोर केला नाही. त्याऐवजी बेळगावचा कुंदा दिला. त्याने उभ्या उभ्या चमच्याने खाल्ला आणि बायकोने हात पुढे केला तरी डबी सोडली नाही.

मग मला जे विचारायचं होतं ते विचारलं. तुझी गच्ची ही खालच्याचं छप्पर. गळलं तर खर्च कुणाचा? जिना चौघांचा, पायरी निखळली तर गवंडी कोण बोलावणार? त्याला प्रश्नाचंच नवल वाटलं. इटलीत एका इमारतीत आठापेक्षा जास्त मालक असले की कायद्याने व्यवस्थापक नेमावा लागतो, तो हिशेब ठेवतो, हिश्शाप्रमाणे वर्गणी गोळा करतो आणि कामं करून घेतो. इंग्रज म्हातारा वर्गणीच्या नावाने भरपूर कुरकुरला. पण भरतो. घरात राहिलास तरी भर, नाही राहिलास तरी भर. तो थंडीत आपल्या देशात असताना इथलं छप्पर कुणीतरी बघतं ते त्या वर्गणीवर.

या उत्तरासाठी मला लिगुरियापर्यंत जावं लागलं, याचा थोडा रागच आला. कारण मोसमी रहिवासी आमच्याकडेही आहेत. परदेशी नाहीत, घरचेच आहेत. खानापूरच्या पश्चिमेला कुठल्याही गावात मे महिन्यात जा, गणपतीत जा, जत्रेला जा, दारं उघडी, अंगणात गाड्या, पुणे-मुंबई-गोव्याचे नंबर. आठ दिवसांनी जा, कुलपं. यात वाईट काही नाही, पोट जिथं तिथं माणूस. पण कौल असं आहे की वर्षातून एकदा हात फिरलाच पाहिजे. मेमध्ये माणूस छपरावर चढून सरकलेली कौलं बसवतो, फुटलेली बदलतो, कोन्याचा माल बघतो. एक वर्ष चुकलं तर एका जागी गळतं. ते पाणी वाशाच्या टोकाला मुरतं, तिसऱ्या पावसाळ्यात वासा बसतो, आणि मग भिंतीचा माथा भिजला की संपलं. भूकंप लागत नाही.

जांबोटीकडच्या एका घराचं काम माझ्याकडे आलं होतं. घर देखणं. पुढे सोपा, माजघर, देवघर, मागे परडं आणि विहीर. ग्रामपंचायतीचा उतारा बघितला तर आजोबा अजून मालक. वारस कोल्हापूर, पुणे, मडगाव असे विखुरलेले. ई-स्वत्तूला, म्हणजे गावातल्या मालमत्तेच्या सरकारी ऑनलाइन दप्तराला, नोंद करायची तर सगळ्यांच्या सह्या हव्यात, आणि कागद कन्नडमध्ये, तो वाचून दाखवायला आणखी एक माणूस हवा. गणपतीत सगळे जमले, मी खर्चाचा आकडा सांगितला. "तू सुरू कर, मी पाठवतो." हे प्रत्येकजण दुसऱ्याला म्हणाला. शेवटी एका भावाने आपल्या हिश्शापुरती कौलं घातली. अर्धं छप्पर नवं आणि अर्धं जुनं, मधला कोना कुणाचाच नाही. पाणी बरोब्बर त्या कोन्यातून देवघरावर. आता सांगा, या घराला दे कार्लो आणून काय होणार? तिथे लागतो तो वर्गणी गोळा करणारा आणि नडणाऱ्याला न घाबरणारा माणूस.

कोलेत्ताचं कौतुक करताना एवढं मात्र नोंदवतो की या गावात जन्मलेलं असं कुणी मला भेटलं नाही. शाळेचा गलका नाही, शेणाचा वास नाही, "कुठले पावणे?" म्हणून विचारणारी म्हातारी नाही. ओट्यांवर कुंड्या आहेत, माणसं नाहीत. कास्तेलबियांकोची पंचायत धरली तरी सगळी मिळून तीनेकशे माणसांची वस्ती. भाचीशी यावरून वाद झाला. ती म्हणते हे गाव नव्हेच, गावाच्या आकाराचं हॉटेल आहे. मी म्हणतो असू दे की. रिकाम्या पण धड घरात उद्या कुणी राहायला येऊ शकतं. पडलेल्या घराचे चिरे शेजारी कुंपणाला नेतो. तिला हे पटलेलं नाही, ती आर्किटेक्ट होणार आहे.

आम्हा बेळगावकडच्यांना कुठेही गेलं तरी फलक कुठल्या भाषेत आहे ते बघायची खोड. इथे इटालियन गावात शेजारी बोलतात इंग्रजी आणि जर्मन, आणि त्यावरून कुणी कुणाच्या बोर्डाला डांबर फासलेलं नाही. पुढे बोलत नाही.

खाण्याचं सांगायचं तर आम्ही किराणा अल्बेंगातून भरून नेला आणि बहुतेक जेवण घरीच केलं. अल्बेंगाचा आर्टिचोक आणि जांभळा शतावर प्रसिद्ध, पण ते आमच्या वेळी मोसमात नव्हते. फारिनाता मात्र जरूर खा: हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, मोठ्या थाळ्यात पातळ पसरून भट्टीत भाजलेलं. सौ.ने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "यात कांदा-मिरची घातली असती तर काय बिघडलं असतं?" दुसऱ्या वेळी तिने घरून नेलेली लसणाची चटणी वर भुरभुरली. शाकाहारी माणसाची या भागात उपासमार होत नाही. पेस्टो, फोकाचा, टोमॅटो, चीज यांवर निभतं. पेस्टोत चीज असतं, बऱ्याचदा ते वासराच्या जठरातल्या विरजणाने केलेलं असतं. ज्यांना चालत नाही त्यांनी विचारून घ्या.

भाडं स्वस्त नाही. आमच्या मुक्कामाच्या पैशात खानापुरात एका पडवीची कौलं रिपांसकट नवी झाली असती, हा हिशेब मी सौ.ला सांगितला नाही, तिनेच मला सांगितला. घर स्वच्छ, भिंती जाड, दुपारी पंख्याची आठवण येत नाही. दारं बुटकी, मी साडेपाच फुटांचा, तरी एकदा कपाळ टेकलं. गल्ल्या सगळ्या पायऱ्यांच्या, त्यामुळे चाकाची बॅग निरुपयोगी, खांद्यावर घेता येईल एवढंच सामान न्या. गाडी बाहेर ठेवून आत चालतच जायचं. पाऊस झाला की दगड गुळगुळीत होतात, चपला नकोत, तळव्याला खाचा असलेले बूट घाला. ज्यांच्या घरात गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं माणूस आहे त्यांनी घर ठरवतानाच विचारावं की दारापर्यंत पायऱ्या किती.

गाव बघायला जून किंवा सप्टेंबर धरा. बांधकाम बघायचं असेल तर सकाळचं तिरपं ऊन असताना फिरा, तेव्हा दरजा आणि टाकीचे घाव उठून दिसतात.

पुढच्या खेपेला भाची बुसाना वेक्याला नेणार आहे. तेही 1887 च्या त्याच भूकंपात मोडलं, माणसांनी खाली नवं गाव बांधलं, आणि वरच्या पडक्या घरांत पन्नास-साठच्या दशकांपासून चित्रकार-शिल्पकार येऊन राहिले. तिथे वर्गणीचा प्रश्नच नाही, कारण घरं कुणाची यावरूनच त्यांचा सरकारशी वाद चाललेला. मला तिथले कागद बघायचे आहेत. जांबोटीच्या घरमालकांपैकी कोल्हापूरचे थोरले येतो म्हणालेत, मी त्यांना सांगून ठेवलंय की आधी कोन्याचे पैसे द्या.